तलवार, कोयता, चिलखत : विक्रीचा परवाना कशाला लागतो?

धारदार वस्तू विकायला सरकारी परवाना लागतो की नाही, हे भारतीय कायद्यात तिच्या धारेवरून ठरत नाही. ती कशासाठी घडवली आहे, यावरून ठरते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येनुसार हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी हत्यार म्हणून घडवलेली किंवा तशी बदलून घेतलेली कोणतीही वस्तू ‘शस्त्र’ होते आणि त्यात धारदार हत्यारे येतात. त्याच व्याख्येत पुढे दोन गोष्टी वगळल्या आहेत. केवळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू शस्त्र नाहीत. लाठी आणि साधी हातातली काठी ही त्याची कायद्यातच दिलेली उदाहरणे. आणि जे खेळण्यापलीकडे कशालाच उपयोगी पडत नाही, ज्याचे खरे हत्यार करताही येत नाही, तेही शस्त्र नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याच्या बाजारात लोहाराने मांडलेल्या कुऱ्हाडी, विळे, कोयते आणि खुरपी या पहिल्या सवलतीत बसतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत ही सवलत म्हणजे रोजच्या जगण्याचा आधार आहे. बांबू तोडायचा, सरपण फोडायचे, कुंपणाच्या काट्या छाटायच्या, धान कापायचे, तर घरात पाते हवेच. खांद्यावर कुऱ्हाड टाकून चालणारा माडिया गोंड माणूस भामरागडच्या वाटेवर दिसला, तर तो शस्त्र घेऊन नव्हे, अवजार घेऊन निघालेला असतो. कायदाही त्याच्याकडे तसेच पाहतो, आणि तसेच पाहायला हवे.

परवान्याची यादी शस्त्र नियमावलीच्या पहिल्या अनुसूचीत आहे. १९६२ ची जुनी नियमावली जाऊन २०१६ ची नवी आली, तरी धारदार शस्त्रांची जागा पाचव्या वर्गातच राहिली. तलवारी, काठीत दडवलेली गुप्ती, कट्यार-खंजीर, संगिनी, भाले आणि बरच्या, लढाईच्या कुऱ्हाडी, कृपाण आणि खुकरीसह सुरे, तसेच ज्यांचे पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद आहे अशी इतर हत्यारे या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती इथेही वगळलेली आहेत. म्हणून खाटकाचा सुरा ९ इंचांहून लांब असला तरी तो शस्त्र होत नाही. मात्र शोभेची म्हणून विकली जाणारी, पोलादी पात्याची तलवार होते. सेंटिमीटरमध्ये सांगायचे तर ही मर्यादा सुमारे २३ सेंटिमीटर लांबीची आणि ५ सेंटिमीटर रुंदीची आहे.

दुकानदाराचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. दिवाणखान्याच्या भिंतीवर लावायची, मुठीवर पितळी नक्षी असलेली तलवार त्याला भेटवस्तू वाटते, आणि घेणाऱ्यालाही तसेच वाटते. पण व्याख्येत ‘खेळणे’ हा शब्द एकटा येत नाही. त्याच्यापुढे खऱ्या हत्यारात न बदलता येण्याची अट आहे. लाकडाची, पत्र्याची किंवा फायबरची तलवार या अटीत बसते. बोथट पोलादी पाते बसत नाही, कारण ते सहाणेवर धरले की धार येते. ‘धार नाही, म्हणजे परवाना नको’ हे विक्रेत्याचे नेहमीचे उत्तर म्हणून तोकडे पडते.

हाच फरक रंगभूमीला लागू होतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज-वडसा या गावाभोवती झाडीपट्टीची नाट्यसृष्टी उभी आहे. तिथल्या नाट्यमंडळ्या दिवाळीनंतरच्या हंगामभर गावोगाव रात्रभर चालणारे प्रयोग करतात. झाडीपट्टीचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा ही रंगभूमी देशाच्या नजरेत आली. ऐतिहासिक नाटक म्हटले की ढाल, तलवार, भाला, जिरेटोप आणि चिलखत आलेच. लाकडी पात्याला चंदेरी कागद चिकटवून केलेली तलवार मंडळीच्या पेटीत निर्धास्त राहू शकते. तिच्या जागी कोणी पोलादी तलवारी आणल्या, तर त्या पेटीचा प्रवास कायद्याच्या हद्दीतून सुरू होतो. नाटकासाठी आणल्या एवढे सांगून भागत नाही; त्या कोणाकडून घेतल्या आणि विकणाऱ्याकडे परवाना होता का, हे विचारले जाते.

चिलखताची गोष्ट वेगळी आहे. अंगात घालायचे कड्यांचे बख्तर, छातीवरचा पत्रा, दस्ताने, शिरस्त्राण आणि पाठीवरची ढाल या वस्तू शरीर झाकतात. वार करत नाहीत. व्याख्येतील ‘बचावासाठी’ हा शब्द वाचून चिलखतही शस्त्र असावे असे एखाद्याला वाटते, पण कायदा बचावासाठी असलेल्या हत्याराविषयी बोलतो, आणि पाचव्या वर्गाच्या यादीत चिलखत किंवा ढाल यांचे नावही नाही. त्यामुळे शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी जिरेटोप, चिलखत आणि ढाली भाड्याने देणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला शस्त्र परवाना लागत नाही. इतर कोणत्याही दुकानासारखी दुकाने व आस्थापना कायद्याची नोंद आणि जीएसटी एवढे पुरते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार कामगार ठरलेल्या संख्येपेक्षा कमी असतील तर नुसती सूचना द्यायची असते, नाहीतर नोंदणी करायची. लोक अजूनही या कागदाला गुमास्ता म्हणतात. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी: गुमास्ता हा धंद्याचा कागद आहे, शस्त्राचा नव्हे. चिलखताच्या शेजारी त्याच फळीवर पोलादी तलवार ठेवली, की गुमास्ता उपयोगी पडत नाही.

चिलखताचा बाजार लहान नाही. युरोप-अमेरिकेत मध्ययुगीन लढाया हुबेहूब उभ्या करणारे हौशी गट आहेत, आणि त्यांच्या तलवारी व चिलखतांचा मोठा वाटा भारतात घडतो. देहरादूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स ही कंपनी १९४३ मध्ये गुरखा सैनिकांच्या खुकऱ्या बनवण्यापासून सुरू झाली आणि पुढे चित्रपट व ऐतिहासिक लढायांच्या खेळांसाठी तलवारी आणि चिलखते परदेशी पाठवू लागली. यातल्या तलवारींच्या निर्यातीला शस्त्र अधिनियमाचे कलम १० लागू होते: कोणतेही शस्त्र देशात आणायला किंवा देशाबाहेर न्यायला परवाना लागतो. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात तलवारी, संगिनी आणि भाले यांचे शीर्षक ९३०७ आहे, आणि त्यांची म्यानेही त्याच शीर्षकात मोजली जातात. म्हणजे रिकामे म्यान पाठवणाऱ्यालाही शस्त्रांच्या प्रकरणातून जावे लागते.

आता मूळ परवान्याकडे. कलम ५ असे सांगते की बंदुका, दारूगोळा आणि नियमांत नमूद केलेली इतर शस्त्रे बनवणे, विकणे, दुसऱ्याला देणे, दुरुस्त करणे, विक्रीसाठी मांडणे किंवा विक्रीसाठी जवळ बाळगणे यांपैकी काहीही परवान्याशिवाय करता येत नाही. दुकानात मांडून ठेवणे हेच पुरेसे आहे. एकही नग विकला गेला नसला तरी कलम लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवणे आणि विकणे यांसाठी किमान ७ वर्षांची शिक्षा आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत वाढू शकते. त्याआधी ती ३ ते ७ वर्षे होती. ही वाढ मुख्यतः बेकायदा पिस्तुले आणि त्यांच्या टोळ्या डोळ्यांपुढे ठेवून झाली, पण कलमाची भाषा शस्त्र म्हणते, पिस्तूल म्हणत नाही. छोट्या दुकानदाराने हे नीट ध्यानात घ्यायला हवे.

परवाना देणारा अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत हा अधिकार आयुक्तांकडे असतो. चंद्रपूर जिल्ह्यात आयुक्तालय नाही, म्हणून वरोऱ्याच्या व्यापाऱ्याचा अर्ज चंद्रपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. कलम १३ प्रमाणे अर्ज आला की जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. अर्जदारावर गुन्हे आहेत का, जागा सुरक्षित आहे का, धंदा करण्याइतका अनुभव आहे का, असे प्रश्न त्यात येतात. आता प्रत्येक परवान्याची नोंद राष्ट्रीय विदागारात होते आणि परवानाधारकाला स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो. क्रमांक नसलेला जुना परवाना चालत नाही.

जंगलाच्या जिल्ह्यात आणखी एक पायरी आहे, आणि ती इतरत्र बहुधा माहीत नसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्याच्या सीमेपासून १० किलोमीटरच्या आत शस्त्र अधिनियमाखालचा कोणताही नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. इथे ‘बंदूक’ हा शब्द नाही, ‘परवाना’ असा आहे. ताडोबाला १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये झाले आणि दोन्ही मिळून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. ताडोबालगतच्या मोहर्लीसारख्या, पर्यटकांच्या गर्दीच्या गावात कोणी शोभेच्या तलवारींचे दुकान काढू पाहील, तर अर्जाचा रस्ता महसूल आणि पोलीस यांच्याबरोबर वनखात्यातूनही जाईल.

अभयारण्यात शिरतानाचा नियम त्याहून कडक आहे. कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीवाचून कोणतेही हत्यार घेऊन आत जाता येत नाही. आणि या कायद्यातली हत्याराची व्याख्या शस्त्र अधिनियमापेक्षा फार रुंद आहे. तिच्यात सुरी, धनुष्यबाण, जाळे, फास, सापळा, विष, गळ हे सगळे येते. प्राण्याला इजा करू शकेल असे कोणतेही साधन येते. शेतीसाठीच्या अवजाराला शस्त्र अधिनियम मोकळे सोडतो, वन्यजीव कायदा सोडत नाही. वनोपज गोळा करणाऱ्या माणसाला याचा सर्वांत जास्त फटका बसू शकतो: बाजारात बिनपरवाना विकत घेतलेला कायदेशीर कोयता अभयारण्याच्या हद्दीत पाऊल ठेवताच दुसऱ्या कायद्याचा विषय होतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ५२ प्रमाणे वनगुन्ह्यात वापरलेली अवजारेही जप्त होऊ शकतात. या सगळ्या कायद्यांच्या सीमारेषा गावाच्या वेशीवर मराठीत लिहून लावल्या, तर कित्येक गरीब माणसांचे हेलपाटे वाचतील.

विक्रीला परवाना लागतो, पण तलवार नुसती घरात असणे हा मात्र सर्वत्र गुन्हा नाही. कलम ४ प्रमाणे बंदुकीव्यतिरिक्तची शस्त्रे बाळगण्यासाठी परवान्याची सक्ती तेव्हाच होते, जेव्हा त्या भागासाठी आणि त्या प्रकारच्या शस्त्रासाठी सरकारने राजपत्रात अधिसूचना काढलेली असते. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटनाचे आणि स्प्रिंगचे चाकू या सक्तीखाली आले आणि तिथे पात्याची मर्यादा ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी इतकी खाली आणली गेली. महाराष्ट्रातल्या बातम्यांत ‘चार-पंचवीस लावले’ असे येते, त्याचा अर्थ कलम ४ सह कलम २५. असा खटला न्यायालयात उभा राहतो तेव्हा अधिसूचना होती आणि सापडलेले हत्यार तिच्यातल्या वर्णनात बसते, हे सरकार पक्षाला दाखवावे लागते. पात्याचे माप पंचनाम्यात नीट घेतलेले नसेल तर खटला डळमळतो.

बाळगण्याचा आणि विकण्याचा हा फरक मुद्दाम केलेला आहे, आणि त्यामागे विदर्भाशी जोडलेला एक इतिहास आहे. १८५७ च्या उठावात चांद्याजवळच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरजवळच्या, रानात गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके इंग्रजांशी लढले. त्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात फाशी दिले. त्यानंतर १८७८ च्या शस्त्र कायद्याने देश निःशस्त्र केला. त्या कायद्याच्या यादीत तलवार, कट्यार, भाला यांच्याबरोबर धनुष्यबाणही होता, म्हणजे गोंडाचे शिकारीचे साधनही परवान्याखाली आले. युरोपीय लोकांना या कायद्यातून सूट होती, आणि लोकांच्या रागाचे तेच मोठे कारण झाले.

१९२७ मध्ये नागपुरात मंचरशा आवारी, म्हणजे जनरल आवारी, यांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवक परवान्यावाचून तलवारी हाती घेऊन रस्त्यावर आले आणि स्वतःहून अटक करवून घेऊ लागले. बंगालच्या राजबंद्यांची सुटका ही त्यांची मागणी आणि शस्त्र कायदा मोडणे हा मार्ग. गांधीजींना तो पटला नाही. हातात शस्त्र घेऊन सत्याग्रह होत नाही, अशी भूमिका त्यांनी ‘यंग इंडिया’त मांडली. आवारी तुरुंगात गेले आणि तिथे त्यांनी दीर्घ उपोषण केले. पुढे १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियम आणि बंधने पाळून शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदवला गेला. घटना समितीत मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य ह. वि. कामत यांनी १९४८ मध्ये तो राज्यघटनेत घालावा अशी सूचना मांडली, पण ती मान्य झाली नाही. १९५९ चा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला, तेव्हा त्याने मधला मार्ग धरला: सामान्य माणसाच्या घरातल्या तलवारीवर सरसकट सक्ती नाही, पण ती बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यावर नजर आहे. आवारींच्या तलवारींचा प्रश्न असा अर्धाच सुटला, आणि तो तसाच सुटायला हवा होता असे म्हणण्यास जागा आहे.

घराबाहेर तलवार नेण्याचा प्रश्न पुन्हा वेगळा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली जिल्हा प्रशासन ठरावीक दिवसांसाठी मनाई आदेश काढते. त्या काळात तलवारी, भाले, सुरे, अगदी लाठ्याही सार्वजनिक जागी नेता येत नाहीत, आणि मोडणाऱ्यावर कलम १३५ लागते. सणावारांच्या आणि निवडणुकांच्या दिवसांत असे आदेश जवळपास नित्याचे असतात. रस्त्यावर तलवारीने वाढदिवसाचा केक कापणाऱ्यांवर होणारे गुन्हे बहुधा शस्त्र अधिनियम आणि पोलीस अधिनियम यांच्या जोडीने नोंदवले जातात. कोल्हापूरकडचे मर्दानी खेळांचे आखाडे मिरवणुकीत तलवार आणि दांडपट्टा फिरवतात ते पोलीस परवानगी घेऊनच. खंडेनवमीला घरात हत्यारांची आणि अवजारांची पूजा होते, तिला या आदेशांची अडचण नाही. लग्नात नवरदेवाच्या हातात टोकाला लिंबू टोचलेली कट्यार असते. ती छोटी, शोभेची असते आणि परंपरेने चालत आली आहे. तिच्या जागी खरी लांब तलवार उपसून वरातीत नाचवणारा मात्र मनाई आदेशाच्या तावडीत सापडू शकतो.

कृपाणाचे स्थान राज्यघटनेनेच ठरवले आहे. कलम २५ च्या पहिल्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे शीख धर्माचरणाचा भाग मानले आहे. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब परिसरात कृपाणे आणि तलवारी विकणारी दुकाने आहेत, त्यांच्या ग्राहकांना हे संरक्षण आहे. ते धारण करण्याला आहे; घाऊक धंद्याला नव्हे.

घाऊक धंद्याचे स्वरूप गेल्या काही वर्षांत बदलले आहे. फोनवरून मागवलेल्या तलवारी कुरिअरच्या खोक्यात येतात आणि पुठ्ठ्यावर ‘शोभेची वस्तू’ लिहिलेले असते. एप्रिल २०२२ मध्ये धुळे जिल्ह्यात एका गाडीतून ८९ तलवारी जप्त झाल्या, आणि त्याच सुमारास पिंपरी-चिंचवडमध्येही कुरिअरने आलेल्या तलवारींचा मोठा साठा सापडला. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात कोयत्याने दहशत घालणाऱ्या टोळ्यांचे प्रकार वाढले, तेव्हा पोलिसांनी कोयता विकणाऱ्यांना ग्राहकाचे आधारकार्ड पाहून नोंद ठेवायला सांगितले. पुण्यासाठी तो उपाय समजण्यासारखा आहे. पण तोच नियम चंद्रपूर-गडचिरोलीत आणला तर प्रत्येक शेतकऱ्याच्या विळ्याची नोंद ठेवावी लागेल, आणि कायद्याने मुद्दाम मोकळी ठेवलेली वस्तू कागदात अडकेल. शहरातल्या गुन्ह्यावरचा उपाय जंगलातल्या अवजारावर लादणे चूक ठरेल.

जुन्या तलवारींचा धंदा वेगळ्या कायद्याखाली येतो. गढीत किंवा वाड्यात सापडलेली, १०० वर्षांहून जुनी तलवार पुरावशेष ठरू शकते. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे पुरावशेषांचा व्यापार करायला स्वतंत्र परवाना लागतो आणि ते परदेशी नेण्याचा अधिकार खासगी व्यक्तीला नाही. चांद्याच्या गोंड राजांच्या काळातले पाते कोणी विकायला आणले, तर घेणाऱ्याने आधी पुरातत्त्व खात्याचे मत घ्यावे हे उत्तम.

विक्रीचा परवाना नाकारला गेला तर अर्जदार हतबल होत नाही. कलम १४ प्रमाणे नाकारण्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यास ती कळवावी लागतात. सार्वजनिक हिताला बाध येईल असे वाटले तरच ती रोखता येतात. कलम १८ खाली वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते. परवाना रद्द झाला किंवा त्याची मुदत संपून नूतनीकरण झाले नाही, तर दुकानातला साठा मालकाला जवळ ठेवता येत नाही. कलम २१ प्रमाणे तो विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा दुसऱ्या परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा लागतो. मालकाचा मृत्यू झाला तर ही जबाबदारी वारसांवर येते, आणि ठरलेल्या मुदतीत त्यांना तो साठा परत मिळवण्याचा किंवा परवानाधारकाला विकून टाकण्याचा हक्क राहतो.